चंचीत दोन दवाखाने

२ फेब्रुवारी, सोमवार
सुमन, लिहिणारी तू आन् पुढं वाचणारी बी तूच, म्हणून आधी तुझंच घे. काल गॅसवर दूध ठेवून शेजारी गेलीस. दूध वाट बघून पातेल्याबाहेर आलं. आज विचारलं तर म्हणतीस, "ते कालचं कुठं, परवाचं." मला अक्षर न्हाई, माझ्या नातसुनेला ध्यान न्हाई. दोघी मिळून एक बाई होते.

मालकांच्या टाचेत उसाचं खोडकं घुसलं. मेंढरं तुटलेल्या फडात घातली होती, चप्पल बांधावर. दौंडला दाखवलं. गोळ्या दिल्या. अँटिबायोटिक म्हणतात.

५ फेब्रु., गुरुवार
सूज हाय तशीच. नातू दत्ता रांजणगावला कंपनीत, खोली शिरूरला. फोन केला. आला, आज्याला गाडीवर बसवून शिरूरला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, आणखी काही औषध चालू हाय का. मालक म्हणाले, काही न्हाई.

हे मला फोनवर स्वतःच सांगितलं, शहाणपणा केल्यासारखं. दौंडचं नाव काढलं तर ह्या डॉक्टरला वाईट वाटलं असतं, म्हणे. बरं, ती रक्त पातळ करायची गोळी? हृदयाची झडप बदलल्यापासून रोज संध्याकाळी घेतात ती. तर म्हणाले, ते औषध थोडंच, ती तर चहासारखी. दत्ता तवा बाहेर गाडी लावत होता.

७ फेब्रु., शनिवार
परत आले. दोन्हीकडच्या गोळ्या पाकिटं फोडून कमरेच्या पानसुपारीच्या चंचीत. मेंढरामागं जन्म गेला, जे हाय ते चंचीत घालायची सवय. सुपारी, चुना, कात, आन् आता दोन दवाखाने. मी म्हणलं, एकाच्याच घ्या की.
"अगं, दोन कुत्री असली की लांडगा लवकर पळतो."
सूज उतरली मात्र. टाच उचलून सगळ्यांना दाखवत्यात. मळमळतंय म्हणाले, भाकरी निम्मी ठेवली. पातळ करायची गोळी चुकवली न्हाई. चहासारखीच हाय ना.

९ फेब्रु., सोमवार
सकाळी मिश्री लावून थुंकले, लाल. पानाचं असंल म्हणाले. पान अजून खाल्लंच नव्हतं. दंडावर तळहाताएवढा निळा डाग, कुठं धडकलं ते ठाऊक न्हाई. सुमनला बोलावून दाखवलं, तर ही म्हणती, "आजी, काल आबांच्या शर्टाला बी रक्त होतं. सांगायचं राहिलं."
हे पण लिही. लिहिलंस? बरं.
दत्ता पाळीवरनं थेट आला. दौंडच्या मोठ्या दवाखान्यात नेतोय. मी बी चाललीय.

१० फेब्रु., मंगळवार (दौंडहून, फोनवर सांगून)
डॉक्टरीणबाईंनी चंची टेबलावर उपडी केली. सुपारी एकीकडं सारली, चुना लागलेली गोळी कागदानं पुसली.
"आबा, ह्यातलं कुठलं कवा घेतलं?"
"हाताला येईल ते."
शिरूरच्या चिठ्ठीचा फोटो दत्ताच्या मोबाइलमधी होता, त्यावरनं उलगडलं. बाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाल्या, दोन अँटिबायोटिक कधी कधी आम्हीच देतो, पण ठरवून. शिरूरच्या गोळीनं रक्त पातळ करायच्या गोळीचा जोर वाढवलाय. जेवण तुटलं, त्यानं आणखी. ती गोळी चालू हाय एवढं कळलं असतं तर तिथल्या डॉक्टरनं दुसरं काही दिलं असतं, न्हाईतर रक्त तपासत राहिला असता.

म्हंजी बाहेरची दोन कुत्री भांडली न्हाईतच. घरचं तिसरं होतं, ती चहासारखी गोळी, बाहेरच्या एकानं त्याला चवताळवलं. मी मालकांना असं सांगितलं तर हसले. हसले आन् हिरडीतनं पुन्हा रक्त.

११ फेब्रु., बुधवार (फोनवर)
पहाटे संडासला काळं झालं. बाईंना सांगितलं. त्यांनी लगेच नर्सला हाक मारली.

पातळ गोळी बंद. रक्त घट्ट व्हायचं इंजेक्शन दिलंय, ते बी जपून. पातळ राहिलं तर आत वाहतंय. फार घट्ट झालं तर झडप अडकंल. मधलं पाहिजे. पिठलं मधलं जमायला मला लग्नानंतर किती वर्षं लागली, बाईंना आजच्या आज जमवायचंय.

मालक उशाशी चाचपत होते. चंची कुठाय, म्हणाले. माझ्या कमरेला हाय, रिकामी. मी विचारलं, "पुढल्या डॉक्टरनं इचारलं तर काय सांगाल?"
"सगळं सांगेन. सुपारीसकट."
मग डोळे मिटले. झोपलेत. झोपलेतच, मी छातीकडं बघत बसलीय.

पुन्हा रक्त नेलंय. रिपोर्ट संध्याकाळी. दत्ता डबा न्यायला येईल. दुधीची भाजी कर, तिखट कमी. मेथी हाताला लागली म्हणून ढीगभर शिजवू नकोस, पालेभाजी नेहमीएवढीच ठेवा म्हणाल्यात बाई, एकदम कमी-जास्त न्हाई, त्यानं बी त्या गोळीचा जोर हलतो. मालकांना तोंडानं अजून काही द्यायचं न्हाई म्हणत्यात.
तरी भाकरी दोघांच्या धाड, माझी आन् त्यांची. आन् हे इसरू नको.