प्लास्टिकच्या वेलाला पाणी

गुरुवार, संध्याकाळ

गेल्या आठवड्यात लव्हबर्डच्या पिंजऱ्यात मी प्लास्टिकचा वेल गुंडाळला. जोडीदार मेल्यापासून पाखरू गप्पच होतं. म्हटलं, हिरवं दिसलं तर बोलेल. कुठलं काय! उलट सासूबाईच रोज सकाळी त्या वेलावर पाणी शिंपडायला लागल्या. पाचोडहून नुकत्याच आल्यात, नजर अधू, त्यांना खराच वाटत असेल. सांगावं की नको? वाईट वाटलं तर? पिंजरा गंजेल म्हणून पानांवरचे थेंब मी गुपचूप फडक्यानं पुसून टाकायची.

आज पुसायचं राहिलं. दुपारी बघते तर पाखरू ओल्या पानांत घुसून, पंख फुलवून अंघोळ करतंय. पान हललं की थेंब पडतोय, थेंब पडला की ते शहारतंय. आणि मग बोललं! किती दिवसांनी. मी तिथंच उभी... पुंडलिकनगरातल्या गॅलरीत होते की कुठल्या रानात, कोण जाणे.

मग सांगूनच टाकलं, "आई, तो वेल प्लास्टिकचा आहे."

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "पाणी तर खरं हाय ना?"

आणि मी आठवडाभर तेच पुसत होते.