कोरं सारवण

माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तुला कधी पत्र लिहिलं नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. खरं कारण निराळं आहे. तुझ्याशी बोलायची जी भाषा होती ती मला कागदावर उतरवता येत नाही, आणि जी उतरवता येते ती मी तू गेल्यानंतर पुस्तकांतून शिकले. त्यामुळे हे कुणा परक्या बाईनं लिहिल्यासारखं वाटेल. चालवून घे.

मी आता मुंबईत असते. नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात मला एक खाट, एक टेबल आणि दोघींत मिळून एक खिडकी आहे. दुसरी मुलगी शनिवारी तिच्या घरी जाते, तेव्हा खिडकी पूर्ण माझी असते आणि दोन दिवस मी कुणाशी बोललेले नसते. काम म्हणशील तर लोकांच्या घरांच्या आतल्या खोल्या कशा असाव्यात हे मी ठरवते : भिंतीचा रंग, बसायची जागा, उजेड कोणत्या बाजूनं यावा. तुला हसू येईल. आपल्या घरात एकच खोली होती आणि तिच्यातलं एक भांडंसुद्धा मी कधी जागेवर ठेवलं नाही.

मला आठवतं ते असं. तू सारवते आहेस. घमेल्यात शेणमाती, पदर खोचलेला, आणि मी जमिनीच्या मधोमध पुस्तक घेऊन बसलेली. तुझा हात फिरत फिरत माझ्याजवळ येतो. "ऊठ गं बया, वली होशील." मी एक पाय उचलते आणि पान उलटते. तू पुन्हा घमेल्यात हात घालतेस. "साऱ्या जगाचं वाचून राह्यली, पायाखालचं तेवढं बघत न्हाई." तुझ्या आवाजात राग होता की नाही, हे त्या वयात मला ओळखता आलं नाही आणि आता तपासून बघायला काही उरलेलं नाही. मी उठत नसे, एवढं मात्र नक्की.

मग तू गेलीस तो दिवस. मी अकरा वर्षांची होते. तुला नेलं तेव्हा मला शेजारच्या काकूंच्या घरी बसवून ठेवलं होतं. दुपारी मी कुणाला न विचारता परत आले आणि दारातच थांबले. खोली रिकामी होती. भांडी, अंथरुणं, तुझी खाट, सगळं बाहेर काढलेलं. जमीन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुकती सारवलेली, ओली, आणि तिच्यावर दारातून आलेला उजेड आडवा पडलेला. हातांचे अर्धगोल एकात एक गुंतत गेले होते, कुठे एक डाग नाही, एक रेघ नाही. मी रडले नाही. मी बघत राहिले. माझ्या आयुष्यात मी पाहिलेली पहिली सुंदर खोली ती. पुढे वडिलांनी मला जालन्याला वसतिगृहात ठेवलं. तिथे शहाबादी फरशी होती, आणि सारवलेल्या जमिनीशी माझा संबंध तेवढ्यावरच तुटला.

गेल्या वर्षी आमच्या मोठ्या साहेबांकडे जालन्याच्या एका कारखानदारांच्या नव्या बंगल्याचं काम आलं. हल्ली श्रीमंतांना खेड्यातल्यासारखी बैठक हवी असते. "तू तिकडचीच ना? मग हिंड, बघ, वस्तू गोळा कर, आणि बैठक तूच कर," साहेब म्हणाले. पहिल्यांदाच एक अख्खी खोली त्यांनी माझ्यावर सोपवली होती. ती बिघडली असती, तर पुन्हा दुसऱ्यांच्या आराखड्यांवर रेघा ओढत बसणं माझ्या वाट्याला आलं असतं.

मी हिंडले. अंबड, घनसावंगी, तीर्थपुरीचा बाजार. दुष्काळी कामांत झालेल्या रस्त्यांवरून एस.टी. धूळ उडवत जायची आणि मी वहीत धान्याच्या कणग्यांचे आकार, घोंगड्यांच्या काठांचे रंग, दुरड्यांची वीण उतरवून घ्यायची. विचारायची मात्र काही नाही. उभी राहायची, बघायची, लिहायची. तीर्थपुरीत सुपं विणणाऱ्या एका बाईनं लेकरांना आधी आत पाठवलं आणि मग मला विचारलं, "बाई, तुम्ही नसबंदीवाल्या का?"

"नाही, मी सूप बघते आहे."

"सुपात काय बघायचं? घ्यायचं तर घ्या, न्हाई तर सावली सोडा." शेजारची खुदकन हसली. मी न लागणारी दोन सुपं घेऊन बसस्टँडवर आले.

बैठकीसाठी मी फरशी नाकारली. मातीची जमीन करवली, दोन बायका लावून ती सारवून घेतली, आणि त्यांतली एक रांगोळीची वाटी घेऊन आली तेव्हा मी तिला हातानंच थांबवलं. ती काही बोलणार होती. बोलली नाही, कारण मी शिकलेली होते. उजेड मी पश्चिमेच्या दारातून घेतला होता. खोली हुबेहूब त्या दुपारच्यासारखी झाली.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या आई बघायला आल्या. काठी टेकत दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या.

"कोन गेलं ह्या घरात?"

"आई, नवं घर आहे, काय बोलता," मालक म्हणाले.

"मंग हे कोरं का सोडलंय?" मग माझ्याकडे वळून, "पोरी, तुला शिकवायला माय न्हाई का?"

"नाही," एवढंच मी म्हणाले. त्या आत आल्या नाहीत. मालकांनी मुंबईला कळवलं आणि साहेबांचा ट्रंक कॉल आला, चार दिवसांत शहाबादी टाकून मोकळी हो म्हणून.

मी फरशीवाल्याकडे गेले नाही. गावाकडची गाडी धरली. काकू अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मी टेकले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला काही विचारलं. "काकू, माय गेली त्या दिवशी आमचं घर कोणी सारवलं?"

सूप थांबलं. "म्या. दुसरं कोन हुतं? तुझ्या बापाला तर उभं राहाया येत नव्हतं."

"मग रांगोळी का नाही काढली?"

"आगं, मानूस नेल्यावर सारवतेत ते कोरंच ठेवतेत. म्हनून तर एरवी एक बोट तरी वढायचं, कोरं सोडायचं न्हाई. येवढी शिकली, अन् हे ठाव न्हाई?" मग त्यांचा आवाज उतरला. "तुझी माय तर उंबऱ्यापासून येल काढायची, चुलीपर्यंत. अन् तू मधी बसलेली. म्या म्हनायचे, उठव की तिला. तर म्हने, वाचून राह्यली, राहू दे. सारवायची तुझ्या भवतीनं, अन् येलबी तुला वळसा घालून न्यायची. तू उठली की मधी कोरडा तुकडा दिसायचा. लेकीची जागा म्हनायची त्याला."

मी वेलाची पानं कशी होती ते विचारलं. काकूंना आठवत नव्हतं.

जालन्याला परतल्यावर मी मालकांच्या आईंकडे गेले. "तुमच्या घरात तुम्ही काय काढत होतात?"

"आता आली का इचारायला," त्या म्हणाल्या, पण उठल्या. उंबऱ्यापाशी बसून त्यांनी दोन रेघा आणि गाईची पावलं काढली. एक रेघ वाकडी गेली, त्यांनी ती पुसली नाही. मग वाटी माझ्यापुढे सरकवली. "एक बोट तूबी वढ." मी वेल काढला, पानं मनानं घातली, आणि खोलीच्या मधोमध त्याला वळसा दिला.

"हितं वळसा कशाला?"

"तिथं कुणीतरी बसलेलं असतं."

चपला काढून त्या आत आल्या. जमीन राहिली. साहेबांनी मला पुढचंही काम दिलं आहे.

हा कागद घडी करून मी त्या वहीत ठेवणार आहे, कणग्यांच्या चित्रांच्या मागे. तो कुठे पाठवायचा हा प्रश्नच नाही. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय घडी घालता येत नाही. तुझा वेल मी रोज आठवून बघते. रोज माझ्याभोवतून जात असलेली गोष्ट मी एकदाही मान वर करून पाहिली नाही, त्यामुळे आठवायला काही सापडत नाही. डोळे मिटले की ती दुपारची ओली, कोरी जमीनच दिसते. तिचा अर्थ आता मला कळला आहे. तरीही ती मला अजून सुंदर वाटते, माय. हे मी काकूंना सांगितलेलं नाही.