खांबावरची कोरी काच

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, राग मात्र माझा जागचा हललेला नाही. चौथीपर्यंतच शिकले, अक्षर वाकडं येईल. तुम्हाला कुठं वाचायचंय.

दापोडीचा आपला रेल्वेपूल इंग्रजाच्या वेळचा, दगडी कमानींचा. मधल्या खांबाला तडा गेलेला. तड्यावर आडवी काचपट्टी सिमेंटनं चिकटवायची, ती फुटली म्हणजे तडा वाढतोय, लगेच साहेबाला कळवायचं. एवढंच तुमचं काम. त्या दिवशी मी भाकरी घेऊन खाली येते, तर तुम्ही फुटकी काच छिन्नीनं काढून गुपचूप नवी बसवताय.

"आबा, ही फुटली कशानं?"

"तुला काय करायचंय? भाकर ठेव अन् जा."

चार दिवसांनी साहेब आला. मी घाटावर धुणं धूत होते. त्यानं काठावरूनच विचारलं, "काच?" तुम्ही म्हणालात, "शाबूत हाय, साहेब." त्यानं बूटसुद्धा ओले केले नाहीत. तो तसला आणि तुम्ही तसले.

मला आधी वाटलं, काच फुटली म्हणजे काय, ते तुम्हाला समजतच नसेल. मग आईचं ध्यानात आलं. आई खडकीला बंगल्यावर भांडी घासायला जायची. घरात रेल्वेचा पास, तरी तुम्ही तिला सडकेच्या पुलावरनं चालत पाठवायचा. शेजारची मावशी हसायची, "रेल्वेवाल्याची बायको, अन् चालून चालून टाचा बघा." म्हणजे समजत होतं तुम्हाला. माणसांनी भरलेल्या गाड्या डोळ्यांदेखत जाऊ दिल्या, आपली बायको तेवढी बाजूला काढली. शी.

पुढं पावसाळ्यात कमानीचा दगड नदीत पडला, गाड्या थांबल्या. तर तुम्ही धुतलेला फेटा बांधून काठावर उभे, येईल त्याला सांगताय, "मी कवाधरनं बोंबलतोय." मावशीनं तुम्हाला चहा पाजला. तुम्ही प्यायलात.

आता त्या खांबाला काँक्रीट घातलंय. पूल पक्का, म्हणतात. परवा खाली गेले, तर काँक्रीटवर परत काचपट्टी. कोरी करकरीत, सिमेंटसुद्धा ओलं. माझा थोरला खडकीला कंपनीत जातो. दुसऱ्या दिवसापासून लोकल बंद करून त्याला बसनं पाठवते. "का गं?" म्हणाला, तर म्हटलं, "तुला काय करायचंय."

मावशीची नातवंडं रोज लोकलनं जातात. तिला मी अजून काही बोललेले नाही.