आतून कडी

अहो आई,

दार वाजवू नका. मला आतून ओरडता येत नाही, कारण तुमचा नातू आत्ता कुठे नीट पितोय, आणि माझा आवाज चढला की तो दचकून सोडतो. म्हणून औषधाच्या कागदी पिशवीवर उजव्या हाताने लिहितेय. डावी काख त्याची आहे.

सकाळी नर्सबाई येऊन गेल्या. जिच्या दोन हातांमध्ये मी अडकून बसायचे आणि बाळाला धरायला जागाच उरायची नाही, ती खुर्ची त्यांनीच खोलीबाहेर काढली. "चूक खुर्चीची आहे, तुमची नाही," म्हणाल्या. मला पलंगावर बसवलं, स्तनाखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली आणि बाळाला पुढून न घेता बाजूने, काखेत धरायला शिकवलं. जाड बाईला पान्हा कधीकधी उशिरा फुटतो, तो आटलेला नसतो, हेही सांगितलं. तुम्ही तेव्हा स्वयंपाकघरात बाटली उकळत होतात.

"एवढा देह आणि थेंब नाही! नाव मोठं, लक्षण खोटं," असं काल पाहुण्यांसमोर म्हणालात. सगळे हसले. तुमचा मुलगासुद्धा.

आता म्हणताय, "अगं, दार उघड, पोराला उपाशी मारतेस का?" उद्या काट्यावर वजन वाढलेलं दिसलं नाही, तर वरचं दूध मी स्वतः पाजीन, एवढी हट्टी मी नाही. पण आज त्याचे घोट ऐकू येताहेत. गट्, गट्.

बाहेर एकदम शांत झालं. दाराला कान लावलात ना? ऐका.

हे पत्र दाराखालून सरकवायचं तर उठावं लागेल. मी उठणार नाही.

तुमची जाडी सून