रोमन रांजणाचा कान

बुधवार, १२ मार्च १९९७, संध्याकाळ

वीस वर्षं वर्गात सांगत आले की रोमचा व्यापार आपल्या कोल्हापुरापर्यंत पोचला होता, आणि आज दुपारी मी त्याच काळात शिडीनं उतरले!

शेजारचे मल्लाप्पा इथंच, कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरी टेकडीवर घर बांधताहेत. पायाच्या खड्ड्यात जुनी भिंत लागली म्हणून त्यांनी मला बोलावलं. खड्डा दोन पुरुष खोल. हातभर लांबीच्या विटा, आणि मातीत रुतलेला रांजणाचा जाडजूड कान. पुस्तकातल्या चित्रात असतो तसाच, रोमन! त्यावर कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा. माझा अंगठा त्यात बरोबर बसला.

"बाई, फुटकं मडकं हाय की! उद्या काँक्रीट पडायचंय," मल्लाप्पा वरून ओरडले.

"अण्णा, दोन हजार वर्षांपूर्वी यातून समुद्रापलीकडची दारू आली असणार!"

माझी चूक तर होत नाही ना? तो कान, तो ठसा... नाही, नाहीच. पण काँक्रीट पडलं की सगळं संपलं.

मल्लाप्पा चपला काढून स्वतःच खाली उतरले. भिंतीवर तळवा टेकवून बराच वेळ उभे राहिले.

"म्हंजे आमच्या आधी बी हितं कुणीतरी घर बांधलं हुतं."

"व्हय," मी म्हटलं. माझ्या तोंडून, कधी नव्हे ते, व्हय!

त्यांनी वर बघून गवंड्याला हाक मारली, "काँक्रीट ऱ्हाऊ दे रं. आधी म्युझियमवाल्यास्नी बोलवूया."