रेडिओवरचे ‘स्मरणार्थ’

राहाता, १३ मार्च १९७२

चि. यज्ञेश्वर यास, अजून हयात असलेल्या अक्काचे आशीर्वाद.

काल रविवारी, १२ मार्चला, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी रेडिओवर वारले. जुन्या गाण्यांच्या फर्माइशीत निवेदकाने तुझे कार्ड वाचले, “भिंगारचे यज्ञेश्वर मुळे, थोरल्या भगिनी वेणूताईंच्या स्मरणार्थ.” अर्ध्या तासात शेजारच्या मालनबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या. दार मीच उघडले. “अवो बाई, तुमी तर हाय की,” त्या म्हणाल्या. आवाजात थोडी निराशाच होती. पिठलं चांगले होते. सूनबाई शोभाने आणि मी ते संपवले.

गाणे तेच. अडतीस साली कँपातल्या हॉटेलबाहेर उभे राहून आपण ते रेडिओवर ऐकायचो. दुसरे कडवे तू दर वेळी चुकायचास. आता ऐकले तर चाल बेताचीच आहे.

कॉन्व्हेंटात सिस्टर चुकलेला शब्द पन्नासदा लिहायला लावत. ‘आठवण म्हणून’ हे तू पन्नासदा लिहिले पाहिजेस. पण ‘स्मरणार्थ’ हा शब्द तुझा नाहीच. जन्मभर कचेरीत मसुदे तपासणारा माणूस असे लिहिणार नाही. कार्ड दुसऱ्याने लिहिले. दिवाळीचे पत्रही तुझ्या लेकीच्या, इंदूच्या अक्षरात होते. मोतीबिंदू पिकला का? नगरच्या डॉक्टरांना दाखवलेस का? मला का कळवले नाही?

शनिवार, २५ मार्चच्या आत लेखी उत्तर हवे. इंदूच्या अक्षरातले धरणार नाही. तुझ्या हातची एक ओळ पुरे, वाकडी असली तरी.

तुझी अक्का