चेनच्या लॉकचं तोंड

उमापूर, ६ एप्रिल २००३

तीर्थरूप राधाकिशनदादांस,

धाकट्या अंजनाचा शि. सा. न. वि. वि.

पाण्याचा टँकर येतो, आमी सासू-सुना बऱ्या आहोत. एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवली. दुष्काळाने गावचं दूध निम्म्यावर आलं आणि आमच्या महिला दूध संस्थेचा टेम्पो बंद झाला. हे जनावरं घेऊन चारा छावणीत राहतात. म्हणून दोन महिने झाले, मीच दोन कॅन मोटारसायकलीला बांधून अठरा किलोमीटरवरच्या शीतकेंद्रावर नेते.

परवापासून चेन घसरायला लागली. आज चढावर कॅनसकट पडता पडता वाचले. मागच्या चक्राचे दाते विळ्याच्या टोकासारखे वाकलेत. गावातला मिस्त्री पुण्याला गेलाय. तोवर जीपवाला दूध नेतो, पण बारा तारखेपासून त्याची जीप लग्नाच्या वऱ्हाडाला दिली आहे. केंद्रावरून निरोप आहे, की तीन दिवस खाडा झाला तर उमापूरचं दूध घेणं बंद. एकेचाळीस घरांचं दूध हाय, दादा.

तुमी कारखान्यात फिटर. काय लागतं ते पाठवा आणि कसं करायचं ते लिहा. मी घरीच करीन. हसू नका, आणि माया पातळ करू नका.

तुमची,
अंजना


परळी वैजनाथ, १० एप्रिल

चि. सौ. अंजनास अनेक आशीर्वाद.

हसलो. सायकलवरून पडली म्हणून आठ दिवस शाळेत न गेलेली पोरगी ती तूच ना? मग तुझ्या वहिनीला पत्र वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, की हसता कावून, सामान आणा.

गेवराईच्या एसटीत कंडक्टरजवळ पुडकं देतो आहे. त्यात चेन, पुढचं लहान चक्र, मागचं मोठं चक्र, तिन्ही आहेत. नुसती चेन बदलू नकोस. झिजलेले दाते नवी चेन महिन्यात खातील. पुढच्या चक्राचा नट जुनी चेन असतानाच सैल कर, आणि तेव्हा कुणीतरी मागचा ब्रेक दाबून धरायला हवा. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेव. चेन दोन बोटं खालीवर हलली पाहिजे, जास्त ताणू नकोस. शेवटी चेनची दोन टोकं जोडणारं लॉक, म्हणजे एका बाजूने उघडी असलेली चिमटीसारखी पट्टी, कसं बसवायचं त्याचं चित्र मागच्या पानावर काढलं आहे.

जमलं नाही तर न लाजता सोडून दे. छावणीत भारतरावांना नमस्कार कळव. मनात जागा आहेच, ती राहू दे.

तुझा,
दादा


परळी वैजनाथ, ११ एप्रिल

अंजना,

मायना लिहीत बसत नाही. आज आमच्या हेडफिटर आश्रुबामामांना तुझी गोष्ट सांगताना तेच चित्र काढून दाखवलं. ते एकदम म्हणाले, की अरे, लॉकचं उघडं तोंड पुढं, चेन पळते त्या दिशेला दाखवलंस! पळत्या चेनीत ते उडून जाईल. चेन चाकात गुंतली तर तू कॅनसकट रस्त्यावर. अठरा वर्षं मी हे काम करतो आणि बहिणीला उलटं शिकवलं. तुमच्या गावच्या किराणा दुकानाचा फोन लागत नाही. आजच्या गाडीने हे पाठवतो. मिळेपर्यंत गाडीला हात लावू नकोस. पोचल्याचं लगेच कळव.

दादा


उमापूर, १२ एप्रिल

तीर्थरूप दादांस शि. सा. न. वि. वि.

आधी जीव खाली ठेवा. मी धड आहे, दूधही धड पोचलं.

तुमचं दुसरं पत्र मिळालं तेव्हा गाडी तयार होऊन अंगणात उभी होती. ब्रेक दाबायला माणूस मिळेना. बाईमाणसाने फटफटी चालवू नये म्हणून माझ्याशी महिनाभर अबोला धरलेल्या सासूबाई उठल्या, लुगडं खोचून गाडीवर बसल्या आणि म्हणाल्या, की मी हाय न्हवं, सांग कुठं पाय द्यायचा. नट हलेना, तशी जोर यावा म्हणून पान्याच्या दांड्याला तिफणीची जुनी लोखंडी नळी लावली. कर्रर्र करून सुटला, तेव्हा त्या माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडल्या.

लॉकचं असं झालं. जुनं काढण्याआधी मी नीट बघून ठेवलं होतं. त्याचं बंद तोंड पुढं होतं, तुमच्या चित्रात उघडं. लई घोटाळा झाला. तुमी चुकाल असं वाटेना, आणि जुनं लॉक इतकी वर्षं निघालं नव्हतं हेही खरं. सासूबाई म्हणाल्या, की काट्याकुट्यातून जाताना पदराचं सुटं टोक मागं ठेवतो का पुढं? मग जुन्यासारखंच बसवलं. तुमचं मन मोडलं म्हणून रात्रभर रुखरुख होती.

आज गाडी चढावर कुरकुरलीसुद्धा न्हाई. केंद्रावर दूध मोजून घेणाऱ्या सुभद्राबाई वाट बघत होत्या. त्यांनी कॅन उतरवले आणि माझे काळे हात सगळ्यांना दाखवले.

चूकभूल माफ करून जीव लावावा.

अंजना


परळी वैजनाथ, १५ एप्रिल

चि. सौ. अंजनास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वर्कशॉपात उभ्या उभ्या वाचलं आणि मग तिथल्याच बाकावर बसलो. चार दिवसांत पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

मन मोडलं कसलं, अंजना? माझं ऐकलं असतंस तर मी आयुष्यभर तोंड लपवत फिरलो असतो. आश्रुबामामांनी पत्र मागून घेतलं, सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, आणि म्हणाले, की फिटर हिला म्हणायचं. सांगणारा कितीही मोठा असो, हिनं आधी मशीन बघितलं. मी मान खाली घातली, पण छाती फुगली होती.

तुझ्या सासूबाईंना, केशरबाईंना, माझा साष्टांग दंडवत सांग. येत्या रविवारी पहिल्या गाडीने गेवराईला येतो. तू स्टँडवर मोटारसायकल घेऊन ये. चालव म्हणून मला सांगू नकोस, मी मागे बसणार आहे.

येईपर्यंत लोभ सांभाळून ठेव.

तुझा,
राधाकिशनदादा